अरण्यातील राहुटी

मनुष्याने शोधून काढलेल्या निवाऱ्यांत राहुटीइतका निगर्वी निवारा दुसरा नसेल. घर जमिनीवर हक्क सांगते. त्यास पाया लागतो, कुंपण लागते, सरकारदप्तरी मालकाचे नाव लागते. राहुटी जमिनीकडे एका रात्रीपुरती जागा मागते, आणि सकाळी मेखा उपटल्यावर चार भोकांखेरीज मागे काही उरू नये अशी तिची जणू प्रतिज्ञाच असते. आपल्याकडे ही वस्तू नवी नाही. डेरा, तंबू, राहुटी, पाल, कनात, शामियाना असे वेगवेगळ्या छटांचे शब्द आपल्या भाषेत आहेत. परंतु हे शब्द ज्या प्रसंगांत वावरले ते पाहिले तर मौजेचा संबंध क्वचितच आढळतो. राहुटी लष्कराची, शामियाना दरबाराचा, पाल भटक्या जमातींचे. आणि इंग्रजी अमलात तंबू म्हणजे जमाबंदीच्या दौऱ्यावर निघालेल्या साहेबाचा मुक्काम. ज्यास भिंती आहेत, छप्पर आहे, मऊ बिछाना आहे, त्याने पदरचे पैसे खर्चून चार दिवस अरण्यात कापडाखाली निजावयास जावे, ही कल्पना आपल्या पूर्वजांस वेडेपणाची वाटली असती. वनवास हा त्यांच्या लेखी आपत्तीचा किंवा विरक्तीचा भाग होता, सुटीचा नव्हता.

ही हौस सामान्य गृहस्थाच्या घरापर्यंत पोचली ती मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत, आणि तीही गेल्या दीडशे वर्षांत. आज आपल्याकडेही धरणांच्या काठी आणि गडांच्या पायथ्याशी रंगीबेरंगी तंबूंच्या रांगा दिसू लागल्या आहेत. तेव्हा ही प्रथा जेथे वाढली तेथे तिने काय मिळविले व काय गमाविले, याचा हिशेब पाहणे आपणांस निरुपयोगी होणार नाही. प्रश्न एवढाच की, मागे काही न ठेवण्याची राहुटीची ती प्रतिज्ञा पाळली गेली काय?

या कथेचा आरंभ न्यूयॉर्क संस्थानाच्या उत्तरेस असलेल्या ॲडिरोंडॅक नावाच्या डोंगराळ, सरोवरांनी भरलेल्या अरण्यात होतो. १८५८ च्या उन्हाळ्यात बोस्टन व काँकर्डकडील दहा विद्वान मंडळी तेथील फॉलन्सबी सरोवराच्या काठी मुक्कामास गेली. तत्त्वचिंतक इमर्सन, सृष्टिशास्त्रज्ञ अगासी आणि कवी लोवेल हे त्यांत होते. मंडळी जमविणारा स्टिलमन हा चित्रकार होता, आणि त्या मुक्कामाचे त्याने काढलेले चित्र काँकर्डच्या सार्वजनिक ग्रंथालयात आजही आहे. चित्रात काही जण निशाणबाजीत दंग आहेत, काही जण माशाची चिरफाड पाहत आहेत, आणि इमर्सन या दोन्ही घोळक्यांच्या मध्ये एकटाच उभा आहे. लोकांनी या मुक्कामास तत्त्वज्ञांची छावणी असे नाव दिले. पण दहा विद्वान रानात जाऊन आले म्हणून प्रथा पडत नसते. प्रथा पडण्यास पुस्तक लागते, आणि ते पुस्तक अकरा वर्षांनी निघाले.

बोस्टनमधील एका प्रतिष्ठित चर्चचा तरुण धर्मोपदेशक विल्यम मरे याने १८६९ मध्ये ॲडिरोंडॅकमधील वनवासाचे वर्णन करणारा एक ग्रंथ प्रसिद्ध केला. रानात कसे जावे, वाटाड्या कोणता घ्यावा, होडी कशी असावी, बरोबर किती कपडे न्यावेत, खर्च किती येतो, हे सारे त्याने सांगितले. क्षयाने खंगलेला एक तरुण त्या रानाच्या हवेने बरा होऊन परतल्याची हकीकतही त्यात होती. प्रवाशांसाठी जी खास आवृत्ती निघाली तीत नकाशे व आगगाडीची वेळापत्रके जोडली होती. परिणाम असा झाला की, त्याच उन्हाळ्यात शहरांतून माणसांचे लोंढे अरण्याकडे लोटले. त्यांत हौशी होते तसे दुखणाईतही होते. वाटाडे पुरेनात, खानावळी पुरेनात. पाऊस आणि डास यांनी त्या वर्षी विशेष कृपा केली. वर्तमानपत्रांनी या मंडळींस मरेचे मूर्ख असे नाव ठेवले. तथापि थट्टेने ओघ थांबला नाही. कारखाने व आगगाड्या यांनी गजबजलेल्या नव्या नगरांतील माणसास अरण्याची जी भूक लागली होती ती खरी होती, आणि मरेने तिला केवळ पत्ता सांगितला होता. त्या संस्थानाने १८८५ मध्ये हे वन राखीव केले, आणि १८९४ मध्ये ते कायमचे वन्य राहील असे कलम आपल्या राज्यघटनेतच घातले. ज्या प्रेमाने गर्दी आणली त्याच प्रेमाने संरक्षणही आणले, ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावयास हवी.

मरेचे पुस्तक निघाले त्याच वर्षी, त्या देशाच्या दुसऱ्या टोकास, जॉन मूर नावाचा स्कॉटलंडात जन्मलेला एक तरुण कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वतात मेंढ्यांच्या कळपामागून चालला होता. पुढे अमेरिकेतील वनरक्षणाच्या चळवळीचा तो अध्वर्यू झाला. कळपाची देखरेख करीत असता त्याने पाहिले की, मेंढ्यांच्या खुरांखाली उंच प्रदेशातील नाजूक कुरणे साफ उजाड होतात. टोळधाडीला खूर फुटले तर ती अशी दिसेल, असे त्याचे मत झाले. खुरांवरील हा आरोप वाचकांनी स्मरणात ठेवावा. पुढे तो निराळ्याच प्राण्यावर येणार आहे.

मूरचे मन जेथे जडले ती योसेमिटीची दरी आमच्या कथेची मुख्य भूमी होय. सुमारे सात मैल लांबीची ही दरी समुद्रसपाटीपासून चार हजार फुटांवर आहे. दोन्ही बाजूंस करड्या ग्रॅनाइटचे उभे कडे; त्यांतील एल कॅपिटन हा तळापासून तीन हजार फूट सरळ चढलेला. कड्यांवरून धबधबे कोसळतात, आणि तळातून मर्सेड नदी देवदाराच्या जातीची झाडे, ओकवृक्ष व हिरवी कुरणे यांमधून संथपणे वाहते. १८६४ मध्ये यादवी युद्ध चालू असतानाच अध्यक्ष लिंकन याने ही दरी आणि मारिपोसा येथील महावृक्षांची राई लोकांच्या उपभोगासाठी व विश्रांतीसाठी कॅलिफोर्निया संस्थानाच्या हवाली केली. पुढे १८९० मध्ये भोवतालचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला.

परंतु उपभोगासाठी मोकळी केलेली ही दरी आधी रिकामी करण्यात आली होती. तेथे अहवानीची नावाचे लोक पिढ्यानुपिढ्या राहत असत. कॅलिफोर्नियात सोने सापडल्यावर खाणवाल्यांचे लोंढे आले, झगडे झाले, आणि १८५१ च्या मार्चात मारिपोसा पलटण म्हणून उभारलेले स्वयंसैनिकांचे एक पथक या लोकांस हुसकून लावण्यासाठी दरीत उतरले. गोऱ्या लोकांचा त्या दरीतील पहिला ज्ञात मुक्काम तो हाच. रात्री शेकोटीभोवती बसून या मंडळींनी दरीचे नाव काय ठेवावे याची चर्चा केली, आणि त्यांच्यातील डॉक्टर बनेल याने सुचविलेले योसेमिटी हे नाव कायम झाले. पुढे त्या लोकांचा वृद्ध नायक तेनाया पकडला गेला. त्याचा धाकटा मुलगा याच मोहिमेत गोळीस बळी पडला. उंचावरील एका रमणीय सरोवराच्या काठी बनेलने त्यास सांगितले की, तुझी आठवण राहावी म्हणून या तळ्यास आम्ही तुझे नाव दिले आहे. तेनायाने उत्तर दिले की, या तळ्यास आधीच नाव आहे. ही हकीकत खुद्द बनेलनेच लिहून ठेवली आहे. सरोवर आज तेनायाच्याच नावाने ओळखले जाते. विस्थापिताचे नाव नकाशावर आणि विस्थापित मात्र नकाशाबाहेर, हा प्रकार इतिहासात फार ठिकाणी आढळतो.

यात केवळ अन्यायाचा प्रश्न नाही, ज्ञानाचाही आहे. पुढे आलेल्या प्रवाशांस दरीतील मोकळी कुरणे व ऐसपैस ओकवृक्ष पाहून वाटले की, हे मनुष्यस्पर्शविरहित अरण्य आहे. वस्तुतः तेथील लोक ठरावीक काळाने रान जाळीत, दाट झुडपे वाढू देत नसत, आणि ओकाची फळे वेचून त्यांच्या पिठावर गुजराण करीत. त्यांच्या हाताने ती कुरणे मोकळी राहिली होती. दरीचा पहिला रक्षक गॅलन क्लार्क याने वृद्धपणी लिहून ठेवले आहे की, ते लोक गेल्यावर कोवळ्या झाडांची दाटी होऊन कुरणे आक्रसू लागली. ज्यास नवागतांनी अरण्य मानले ते कोणाचे तरी परसदार होते. राहुटी ठोकणारा आपण पहिलेच आलो असे समजतो. ही त्याची समजूत बहुधा खोटी असते.

आता या प्रथेच्या सुवर्णक्षणाकडे वळू. १९०३ च्या मे महिन्यात अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हा योसेमिटीस आला. त्याच्या सन्मानार्थ दरीत मेजवानीची सिद्धता झाली होती; पण अध्यक्षाने मूरला सोबत मागितले आणि तो लवाजमा टाळून रानात गेला. दोन वनरक्षक आणि खेचरांवरील सामान पाहणारा एक गडी एवढाच परिवार. पहिली रात्र मारिपोसाच्या महावृक्षांखाली, दुसरी ग्लेशियर पॉइंटच्या बाजूस उंचावर आणि तिसरी खाली दरीत, ब्रायडलव्हेल धबधब्याजवळच्या कुरणावर गेली. दुसऱ्या रात्री बर्फ पडले, आणि राष्ट्राध्यक्ष सकाळी घोंगड्यांवरील बर्फ झटकीत आनंदाने उठला. शेकोटीशी मूरने त्याच्या कानांवर घातले ते असे की, ही दरी संस्थानाच्या हाती नीट राखली जात नाही, ती राष्ट्राच्या ताब्यात यावी. १९०६ मध्ये तसे झाले. रूझवेल्टने आपल्या कारकिर्दीत पाच राष्ट्रीय उद्याने व अनेक राखीव वने निर्माण केली. त्याच मेच्या अखेरीस मूर जगप्रवासास निघाला, आणि हिंदुस्थानात येऊन हिमालयातील देवदारांची वने पाहून गेला. दोन माणसे, तीन रात्री आणि एक शेकोटी यांनी राजधानीतील कित्येक बैठकींहून अधिक कार्य केले, असे म्हणण्यास हरकत नाही. उघड्यावरील मुक्काम मनुष्याचे मन पालटू शकतो, याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

पण त्या शेकोटीपासून काही मैलांवर दुसरे एक प्रकरण आधीच सुरू झाले होते. १८९९ मध्ये डेव्हिड व जेनी करी या शिक्षक दांपत्याने ग्लेशियर पॉइंटच्या कड्याखाली सात तंबू ठोकून उतारूंची सोय मांडली. भाडे दिवसास दोन डॉलर. श्रीमंती उपाहारगृहे ज्यांस परवडत नसत अशा मध्यम स्थितीतील कुटुंबांस ही सोय फारच मानवली, आणि सातांचे शेकडो तंबू झाले. मनोरंजनाची जोडही मिळाली. रात्री ग्लेशियर पॉइंटवर मोठी होळी पेटवून तिचे निखारे कड्यावरून खाली लोटून देत. जणू अग्नीचा धबधबा तीन हजार फूट कोसळत आहे असे दिसे. ही प्रथा करी यांच्याही आधीची, पण करी यांच्या छावणीने ती नित्याची केली, आणि मध्ये काही खंड पडूनही ती १९६८ पर्यंत चालली. ती थांबविण्याचे एक प्रमुख कारण लक्षात घेण्यासारखे आहे. निखारे पाहण्यास जमणाऱ्या हजारो लोकांच्या पायांखाली दरीतील कुरणे तुडविली जात होती.

पायांहून भारी होती ती चाके. १९१३ मध्ये योसेमिटीत मोटारींस परवानगी मिळाली. १९१६ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचे स्वतंत्र खाते निघाले. त्याचा पहिला प्रमुख स्टीफन मॅदर याची समजूत अशी की, लोक जितके अधिक येतील तितका उद्यानांस लोकमताचा पाठिंबा अधिक. त्या वेळेपुरते ते बरोबरच होते, कारण ज्यास कोणी पाहिले नाही त्याच्या रक्षणासाठी कोण भांडणार? १९२६ मध्ये दरीत बारमाही रस्ता आला. १९२२ मध्ये जेथे वर्षास सुमारे एक लाख लोक येत तेथे १९२७ मध्ये चार लाख नव्वद हजारांच्या आसपास आले. छावणीस तेव्हा ठरलेली जागा अशी नसे. मोटार कुरणात घालावी, झाडाच्या बुंध्यास टेकवावी, तिच्या टपापासून एक कनात ताणावी, जवळच्या फांद्या तोडून चूल पेटवावी, आणि जागा घाण झाली की पुढील झाडाखाली जावे. प्रत्येक जण मूर व रूझवेल्ट यांनी केले तेच करीत होता. फरक इतकाच की, ते दोघे होते आणि हे लाखो होते.

या सर्वांचा परिणाम काय होतो हे ज्याने प्रथम शास्त्रशुद्ध रीतीने दाखविले त्याचे नाव सामान्य वाचकांस फारसे परिचित नाही. एमिलिओ माइनेके हा सरकारी वनखात्यातील वनस्पतिरोगांचा अभ्यासक होता. रोगी झाडे तपासणे हे त्याचे काम. १९२० नंतरच्या दशकात कॅलिफोर्नियातील किनारी महावृक्षांच्या उद्यानांत प्रवाशांच्या गर्दीने काय होत आहे याची चौकशी त्याजकडे सोपविण्यात आली. त्याने बुरशी शोधली नाही, कीड शोधली नाही. खाली वाकून माती पाहिली. त्या महावृक्षास खोल सोटमूळ नसते. त्याची मुळे उथळ असून दूरवर पसरतात, आणि अन्नपाणी शोषणारे त्यांचे बारीक तंतू वरच्याच सैल थरात असतात. चांगल्या रानमातीत असंख्य सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांतून पाणी मुरते व हवा खेळते. हजारो पावलांनी व चाकांनी ती माती दाबली की पोकळ्या मिटतात, पाणी वरून वाहून जाते, मुळांस श्वास घेता येत नाही. वर पानांचा पाचोळा राहत नाही, म्हणून नवी माती बनत नाही. पायदळी आलेले रोप जगत नाही, म्हणून नवे झाड येत नाही.

यातील भयंकर भाग असा की, वर पाहणारास काहीच कळत नाही. मोठा वृक्ष कित्येक वर्षे हिरवा दिसतो; प्रवासी त्याच्याखाली बसून सृष्टीची थोरवी गातो; आणि त्याच्याच बैठकीखाली त्या वृक्षाचा अंत चाललेला असतो. ज्या घरात म्हातारे ठणठणीत आहेत परंतु पाळणा हलत नाही, त्या घरासारखी त्या रानाची स्थिती होते. वणवा दिसतो, कुऱ्हाड ऐकू येते. पायांचा घाव दिसतही नाही व ऐकूही येत नाही. मूरने मेंढ्यांच्या खुरांवर जो आरोप ठेवला होता तो आता वनप्रेमी माणसाच्या बुटांवर व मोटारीच्या चाकांवर येऊन ठेपला. आणि माणूस मेंढीप्रमाणे भुकेपोटी आला नव्हता. तो प्रेमापोटी आला होता.

माइनेकेचे मोठेपण निदानात आहे तसे उपचारातही आहे. लोकांस हाकलून द्या असे तो म्हणाला नाही. तोपर्यंतची रीत अशी होती की, एक छावणी झिजली की ती सोडावी व दुसरी उघडावी. त्याने दाखवून दिले की, हा उपाय म्हणजे रोग पसरविणे आहे, कारण झिजलेली जमीन पुन्हा सुधारण्यास जो काळ लागतो त्या काळात सारे रान एकामागून एक झिजून जाईल. तेव्हा छावणी एकाच ठिकाणी कायम करावी, आणि तिची रचना अशी करावी की पाय व चाक यांस ठरावीक जागेबाहेर जाण्याची गरजच पडू नये. १९३२ मध्ये त्याने हे धोरण एका छोट्या पुस्तिकेत मांडले. झाडांमधून वळणे घेत जाणारा एकेरी रस्ता. त्यास लागून प्रत्येक कुटुंबाच्या मोटारीसाठी तिरपा फाटा. फाट्याच्या टोकाशी एक मेज, एक बांधीव चूल व राहुटीपुरती सपाट जागा. आणि दोन बिऱ्हाडांच्या मध्ये राखलेली झुडपे, म्हणजे शेजाऱ्याची नजर आड होते व रोपांस आश्रय मिळतो. मोटार पुढे जाऊ नये म्हणून मोठाले धोंडे किंवा ओंडके अर्धवट पुरून ठेवावे. पाटी लावून मनाई करण्यापेक्षा धोंडा लावून वाट दाखविणे बरे, हा त्याचा व्यवहारी विचार होता. अमेरिकेतील बहुतेक सरकारी वनछावण्या आज याच धर्तीवर आहेत, आणि त्यांत मुक्काम करणारांपैकी हजारांत एकासही या कल्पकाचे नाव ठाऊक नसेल.

कल्पना योग्य वेळी आली. १९२९ नंतरच्या महामंदीने बेकार झालेल्या तरुणांसाठी दुसऱ्या रूझवेल्टने १९३३ मध्ये वनसेवेचे एक दल उभारले. महिना तीस डॉलर वेतन, पैकी पंचवीस परभारे घरी पाठवावयाचे. १९४२ पर्यंत सुमारे तीस लाख तरुण या दलातून गेले. त्यांनी कोट्यवधी झाडे लावली, पायवाटा काढल्या, पूल बांधले, आणि माइनेकेच्या आराखड्याप्रमाणे देशभर छावण्या रचल्या. आरंभी हे तरुण स्वतःही लष्करी तंबूंतच राहत असत. म्हणजे एकाच देशात, एकाच दशकात, एक वर्ग हौसेसाठी राहुटीत निजत होता आणि दुसरा पोटासाठी. आणि दुसऱ्याने पहिल्यासाठी चुली बांधल्या. त्यांनी रचलेले दगडी काम पुष्कळ ठिकाणी अजून शाबूत आहे.

या व्यवस्थेवर आक्षेपही आहेत, आणि ते क्षुल्लक नाहीत. क्रमांक घातलेल्या जागेत, ठरलेल्या चुलीपुढे, अनोळखी शेजाऱ्याच्या पंधरा हातांवर राहुटी ठोकणे यास वनवास कसा म्हणावा? ही तर शहरातील चाळच रानात आणून ठेवली. जेथे पाऊल टाकण्याचीही मर्यादा आखलेली आहे तेथे ती मुक्तता कोठे, जिच्यासाठी मनुष्य रानात गेला? आमच्या मते या आक्षेपाचे उत्तर अंकगणितात आहे. एका माणसाच्या पावलाखाली वाकलेले गवत सकाळपर्यंत उभे राहते. हजार माणसांच्या पावलांखाली त्याची वाट होते, आणि लाखांच्या पावलांखाली अंगण. पहिल्या माणसाची मुक्तता ही त्याच्या सद्गुणामुळे नव्हती, तो एकटा होता म्हणून होती. जी गोष्ट थोड्यांस निर्धोक ती सर्वांस निर्धोक असतेच असे नाही; आणि सर्वांस यावयाचे असेल, लोकशाहीत तसे यावयाचेच, तर प्रत्येकाने आपल्या मुक्ततेचा थोडा भाग सोडून दिला पाहिजे. उरलेला पर्याय एकच, की थोड्यांनीच यावे. आणि ते थोडे कोण हे मग पैसा ठरवितो.

योसेमिटीत पुढे गर्दी वाढतच गेली. १९५४ मध्ये वर्षाच्या प्रवाशांची संख्या दहा लाखांवर गेली आणि १९९६ मध्ये चाळीस लाखांवर. नंतरचा अध्याय मात्र मनुष्याने लिहिला नाही. जानेवारी १९९७ च्या पहिल्या दिवसांत पर्वतावरील दाट बर्फावर उबदार पाऊस पडला आणि मर्सेड नदीस असा पूर आला की, दरीतील छावण्यांची जवळपास निम्मी जागा बुडाली. उद्यान अडीच महिने बंद राहिले. नदीकाठच्या ज्या दोन मोठ्या छावण्यांचा त्या पुरात विध्वंस झाला त्या पूर्वीच्या रूपात पुन्हा उभारण्यात आल्या नाहीत. पूरभूमी ही नदीचीच जागा. तिने ती मोकळी करून घेतली. पुरानंतर कर्मचाऱ्यांच्या निवासाची इमारत दरीतील चौथ्या छावणीलगत बांधण्याचा बेत निघाला, तेव्हा गिर्यारोहकांनी विरोध केला. धूळ, धोंडे आणि साधे तंबू यांपलीकडे तेथे काही नाही. पण जगातील कडे चढण्याची कला जेथे वाढली ती ही जागा. बेत मागे पडला आणि २००३ मध्ये त्या छावणीची राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांत नोंद झाली.

ज्यांची ती दरी होती त्यांच्या वाट्यास काय आले? काही अहवानीची कुटुंबे परतून दरीत मोलमजुरी करीत राहिली होती. त्यांच्या शेवटच्या वस्तीतील घरे १९६९ मध्ये उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी पाडून टाकली. पाहुण्यांसाठी कायम छावण्या, आणि घरच्यांस मात्र कायम जागा नाही, असा हा न्याय होता. २०१८ मध्ये त्यांच्या वंशजांशी करार होऊन जुन्या वस्तीच्या जागी आपले पारंपरिक गोल सभागृह व साल-फळ्यांची घरे उभारण्याची त्यांस मोकळीक मिळाली. दीडशेहून अधिक वर्षांनी का होईना, त्या तळ्यास आधीच नाव होते हे मान्य झाले.

आपल्या वाचकांनी या इतिहासाकडे परक्याची गोष्ट म्हणून पाहू नये. दुरून डोंगर साजरे ही म्हण आपल्या पूर्वजांनी निराळ्या अर्थाने केली. पण काही डोंगर दुरूनच साजरे राहतात, असाही तिचा एक अर्थ आज करावा लागेल. सह्याद्रीच्या कातळसड्यांवर मातीचा थर मोठा नाही. कित्येक ठिकाणी तो वीतभरही नाही. साताऱ्याजवळील कासचे पठार अशाच पातळ मातीवर फुलते, आणि २०१२ मध्ये जागतिक वारसा ठरल्यावर तेथे जी गर्दी उसळली तिला मर्यादा घालण्याची वेळ आली. धरणाच्या पाण्याकाठी रात्री दिव्यांच्या माळा लावून गाणी वाजविणाऱ्या तंबूंच्या रांगेत अरण्याची भूक किती आणि शहराची सवय किती, हे ज्याचे त्याने पाहावे. आमचे तरुण विद्यार्थी पावसाळ्यात गडांवर जातात याचा आम्हांस आनंदच वाटतो. त्यांनी जावे, भिजावे, उघड्यावर निजावे. ज्याने रानातील रात्र पाहिली नाही तो रानाच्या बाजूने कधी बोलणार नाही, हे मूर व रूझवेल्ट यांच्या तीन रात्रींनी सिद्ध केलेच आहे. मात्र जाताना त्यांनी माइनेकेचा धडा बरोबर न्यावा. आधी वाट पडली असेल तीच धरावी, आधी चूल असेल तीच पेटवावी, पाण्याची जागा पाण्यास सोडावी, आणि जेथे आपण राहुटी ठोकतो तेथे कोणाचे घर होते काय, कोणाचे गुरे चारण्याचे रान आहे काय, हे पायथ्याच्या गावात विचारावे.

राहुटीची प्रतिज्ञा पाळली गेली काय, या प्रश्नाचे उत्तर आता द्यावयास हरकत नाही. कापडाने ती कधीच पाळली नाही. मागे काही न ठेवण्याचा गुण राहुटीत नसतो. तो असलाच तर आत निजणाऱ्या माणसात असतो. तो त्याच्या अंगी आपोआप येत नाही. इतरांसही येथे यावयाचे आहे, आणि आपल्याआधीही येथे कोणी होते, या दोन गोष्टींचे स्मरण ज्यास राहते त्याच्याच अंगी तो येतो. ते स्मरण नसेल तर चार मेखांची राहुटीही दगडी वाड्याइतकीच जमीन बळकावते; आणि ते असेल तर मनुष्यास अरण्यात रात्रीपुरती जागा मागण्याचा अधिकार निःसंशय आहे.